साठ हात तार

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर अजून एक पांढरा चट्टा आहे. कोणी विचारलं तर मी हंड्याचं नाव पुढे करतो, कारण तांबटाला हंड्यानं भाजलं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. खरं म्हणजे तो चट्टा तारेचा आहे. साठ हात तार, तीही सलग नाही, सात तुकड्यांची. त्या तारेनं आठ दिवसांत मला जेवढं रडवलं तेवढं पुढे संसारानंही रडवलं नाही, आणि संसारानं काही कमी केलं नव्हतं.

आमचं घर नागपुरात इतवारीला, तांबटांच्या ओळीत. पुढे दुकान, मागे घर, मध्ये भट्टी. सकाळपासून ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. एका घरचा ठोका संपला की शेजारच्याचा, आणि सगळ्यांचा एकदम सुरू झाला की गल्लीत बोलायची सोय नसे. हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं हसून म्हणत, ठठेरे की बिल्ली खटके से नहीं डरती. मांजरीचं मला माहीत नाही, पण तांबटाच्या कानांचं माहीत आहे. आठव्या वर्षी हातोडा हातात घेतलेला माणूस पन्नाशीला आला की त्याचे कान संपलेले असतात. माझ्या बाबांचा डावा कान कधीच गेला होता, उजवा जात होता. माय त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, हाताचा आडोसा करून बोले, तेव्हा त्यांना कळे. चार हातांवरून मारलेली हाक मात्र भिंतीला मारल्यासारखी.

मला एक मोठा भाऊ होता. होता म्हणजे आहे, पण घरात नव्हता. कामठीला भांडी पोचवायला बाबा त्याला पाठवत, आणि तिथं एका म्हाताऱ्या उस्तादांच्या ओसरीवर त्यानं सारंगी ऐकली. मग भांडी पोचवायला चार तास लागू लागले, मग सहा. एक दिवस तो स्वतःच एक जुनी सारंगी घेऊन आला. माडीवर बसून गज ओढत असे. बाबांना ऐकू काही येत नसे, दाराच्या फटीतून त्याचं उजवं कोपर तेवढं मागंपुढं होताना दिसे. सारंगी म्हणजे गाणाऱ्या बायांच्या मागं बसून वाजवायचं वाद्य, असं आमच्या ओळीत सगळ्यांचंच मत. हातोडा धरायचं कोपर गज ओढतं हे बाबांना सोसलं नाही. दोन वर्षं धुसफूस झाली आणि एका सकाळी बाबा म्हणाले, भट्टी नाहीतर सारंगी. त्यानं सारंगी उचलली.

उंबऱ्यात बाबांच्या उजव्या खांद्याशीच वाकून चपला घालताना तो त्यांच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाला, "बहिऱ्याले सारंगी काय कळते."

माय दचकली. मीही. बाबा पाठमोरे बसून परातीवर ठोके घालत होते, घालत राहिले. तो गेल्यावर माय मला म्हणाली, "देवाची किरपा बापा, त्यायले ऐकू नाई आलं."

त्यानंतर सहा वर्षं घरात त्याचं नाव निघालं नाही. त्याचं जे चिल्लर सामान मागं राहिलं होतं ते बाबांनी त्याच दिवशी फळीवरून काढून टाकलं. कुठं टाकलं, ते विचारायची छाती आमची नव्हती.

आता तारेकडे येतो. दुसरी मोठी लढाई सरल्यानंतरचा पहिला उन्हाळा. समोरच्या घरात एक वकील राहत, त्यांच्याकडे वीज होती आणि रेडिओ होता. भावाची पत्रं येत ती त्यांच्या पत्त्यावर, माझ्या नावानं, वर्षातून दोन. त्या बुधवारी कार्ड आलं: पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला मुंबईच्या रेडिओ स्टेशनावरून एका बाईंचं गाणं आहे, पंधरा मिनिटं, आणि साथीला सारंगी माझी. शेवटी एवढंच, "जमलं तर ऐक." बाबांचं नाव नव्हतं, पण ते कार्ड माझ्यासाठी लिहिलेलं नाही हे मला वाचता वाचताच कळलं.

मला तेव्हा एकच गोष्ट सुचली आणि ती डोक्यात खिळ्यासारखी बसली. बाबांनी आपल्या लेकाची सारंगी कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी घराबाहेर काढलं ते एका कोपराला. आणि उजव्या कानात जे थोडं उरलं होतं ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. ऐकवायचं तर आत्ता. पण बाबा वकिलांच्या घरी जाऊन बसणारे नव्हते, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ते भांडं द्यायलासुद्धा चढत नसत. गेले असते तरी रेडिओच्या भोंग्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नसता. कानाला चिकटून आलेला आवाजच त्यांना कळे. म्हणजे हेडफोन हवा, आणि वकिलांच्या रेडिओपासून गल्ली ओलांडून आमच्या घरापर्यंत तार हवी.

वकीलसाहेबांनी लगेच हो म्हटलं. त्यांच्या रेडिओच्या मागं दुसरा भोंगा जोडायची दोन भोकं होती. ते म्हणाले, "तार तू आण, बाकी माझ्याकडे लागलं. तुझ्या हेडफोनला जोर पाहिजे तर माझा भोंगा बंद ठेवू, पंधरा मिनिटं मी गप्प बसेन." वकिलानं गप्प बसायचं कबूल करणं ही लहान गोष्ट नव्हती.

हेडफोन मिळाला इतवारीतल्याच एका भंगारवाल्याकडे. कामठीच्या छावणीतलं लढाईचं सामान लिलावात निघालं होतं आणि त्याच्या दुकानात त्याचा ढीग पडला होता. हेडफोनची दोरी कोणीतरी मध्येच कापलेली. तारही त्याच्याकडेच मिळाली, दोन पदरी, पण तुकड्या-तुकड्यांची. सात तुकडे मिळून साठ हात भरले. मी हिशेब केला: तुकड्याला तुकडा जोडायच्या सहा जागा, दोन टोकांच्या दोन, प्रत्येक जागी दोन पदर, म्हणजे कथलाचे सोळा डाग. सोळा डाग म्हणजे काय! आमच्या घरात आजोबांपासून फुटक्या भांड्यांना डाग देत आलेले. एका दुपारचं काम, असं मी वकिलांना छातीठोकपणे सांगितलं.

पहिल्याच डागाला कथील घसरलं. डाग देण्याची आमची रीत अशी: लोखंडी दांड्याच्या टोकाला तांब्याचा ठोकळा असतो, त्याला आमच्याकडे कैया म्हणत. तो भट्टीत तापवायचा, कथलाला लावायचा, आणि वितळलेलं कथील सांध्यावर सोडायचं. मी सोडलं. ते मोत्यासारखं गोळा होऊन तारेवरून घरंगळलं आणि माझ्या मांडीवर पडलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. तार अशी लालबुंद, चकचकीत, आणि कथील तिला शिवायला तयार नाही. मी तिला शिव्या दिल्या, भंगारवाल्याला दिल्या, कथलाला दिल्या. दीड दिवस असाच गेला. मग रागारागात तार दाताखाली धरली तेव्हा वरचा पापुद्रा सुटला आणि खालून दुसरंच तांबं निघालं. त्या तारेवर तांब्याच्याच रंगाचं रोगण होतं. तीन पिढ्या तांब्यात गेलेल्या घरातल्या माणसाला तांब्यानंच फसवलं. ही गोष्ट मी त्यानंतर बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही.

मग खरवडणं सुरू झालं. पापुद्रा खरवडला की तार तुटे, तार तुटू नये म्हणून हलकं खरवडलं की पापुद्रा राहून जाई. बाहेर उन्हाची झळ, आत भट्टी. वारा घ्यावा तर कैया थंड होतो, वारा न घ्यावा तर माणूस शिजतो. कैया भट्टीतून काढून चार पावलं खिडकीपाशी आणेपर्यंत त्याची धग जाई आणि कथील लगद्यासारखं तारेवर बसे. बाहेरून डाग लागल्यासारखा दिसे, हलकंसं ओढलं की निघून हातात. हेडफोनच्या दोरीत तर तार म्हणावी अशी तारच नव्हती. सुताच्या धाग्यावर केसाएवढी तांब्याची पट्टी गुंडाळलेली. कैया टेकवला की सूत जळे, पट्टी सुटून भुर्रकन उडे, आणि दोरी एक बोट कमी होई. बोटभर बोटभर करून ती दोरी माझ्या डोळ्यांदेखत आखूड होत होती.

माय चुलीपाशी बसून बघत होती. "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग," ती म्हणाली. "जरा दमानं घे ना. तारेले फोडणी देऊन राहिला का तू?"

"दिवस कुठं उरले माय!" मी तिच्यावर ओरडलो. तिला मी कार्डाचं सांगितलं होतं. बाबांना नाही.

बाबा दुकानातून येता-जाता थांबत. एकदा वाकून बघितलं आणि विचारलं, "काय करून राहिला गा?"

मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हटलं, "वकीलसाहेबाच्या रेडिओची तार आणून राहिलो. बातम्या ऐकाले."

"लढाई त सरली. आता कायच्या बातम्या?" मग माझा एक डाग बोटांनी उचकटून बघितला. तो सहज निघाला. "हात हलवतं तू. डाग थंडा होईपर्यंत हात हलवाचा नाई. लहानपणापासून सांगून राहिलो, तुले थेच जमत नाई."

खरं होतं. दुकानातही माझं कुठलंच भांडं सरळ बसत नसे, कारण कथील गोठायच्या आत मी हात काढून पुढच्या कामाला लागलेला असे. पी हळद अन् हो गोरी, हा माझा स्वभाव. पण त्या वेळी ते ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यांच्यासाठी मी हे करत होतो तेच उभे राहून चुका काढत होते, आणि का करतोय ते सांगायची सोय नाही.

मग मी घरचा हुकमी उपाय काढला. कथील धरत नसेल तर तांबट काय करतो? नवसागर लावतो. त्यानं कुठलंही तांबं स्वच्छ होतं आणि कथील पाण्यासारखं पसरतं. मी सगळ्या सांध्यांना नवसागर चोळला, वर थोडं तेजाबही लावलं. काय सुंदर डाग बसले! चांदीसारखे. रविवारी संध्याकाळी सोळाच्या सोळा झाले. गल्लीत इकडे एक बांबू, तिकडे एक बांबू उभा केला, तार ताणली, वकिलांनी पलीकडे भोकांत खुपसली, आणि मी हेडफोन कानाला लावला. कोणीतरी इंग्रजीत हवापाणी सांगत होतं. एक अक्षर कळलं नाही, पण मी अंगणात अक्षरशः नाचलो. सोमवारी छाती फुगवून सगळ्या गल्लीतून फिरलो.

मंगळवारी सकाळी सहज हेडफोन लावला तर कानात फुटाणे फुटत होते. दुपारपर्यंत तेही बंद झाले. बांबूवर चढून पाहिलं तर माझे चांदीचे डाग हिरवे पडलेले. बोट लावलं तर तार डागाच्या कडेला कुजलेल्या सुतळीसारखी तुटली. एक, मग दुसरी. वकील खिडकीतून म्हणाले, "अरे, तू तर झाली म्हणालास!" मी बांबूवरून खाली उतरलो. तोंडावर आलेलं उत्तर दिलं असतं तर पुढे त्यांचा रेडिओ मिळाला नसता.

बुधवारी सकाळी तुटके डाग रुमालात बांधून मी चालत सीताबर्डीला गेलो. तिथं एक रेडिओ दुरुस्त करणारा हिंदी बोलणारा कारागीर बसे. त्यानं डाग नाकाशी नेला, जिभेचं टोक लावलं आणि मोठ्यानं हसला. "नौसादर से किया ना? अरे भाई, ये तार है, लोटा नहीं." मग त्यानं समजावून सांगितलं. भांड्याला नवसागर लावला की आपण ते धुतो, आणि जाड पत्र्याला थोडं खाल्लेलं कळत नाही. केसाएवढ्या तारेत नवसागर आत मुरतो आणि बसल्या जागी तिला खात राहतो. "काट के फेंक दो, बीमारी अंदर चली गई है. राल से करो." त्याच्याकडची राळ संपली होती, माल येईल तेव्हा येईल.

म्हणजे जे मला येत होतं तेच नडलं. काहीच येत नसतं तर मी आधीच कोणाला तरी विचारलं असतं. पाणी अडवणारा डाग वेगळा आणि आवाज नेणारा डाग वेगळा, हे आमच्या तीन पिढ्यांत कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

येताना इतवारीतल्या काष्ठौषधीवाल्याकडून राळ घेतली. ती निघाली धुपाची. कैया लावला की काळा धूर, डोळ्यांत पाणी, आणि तारेवर कोळशासारखा चिकटा. घरभर देवळाचा वास सुटला. माय म्हणाली, "आरती त होऊन जाऊ दे आता." दुपारी तीनचं ऊन, उद्या संध्याकाळी सव्वासात, आणि माझ्यापुढे एकही डाग धड नसलेली साठ हात तार. त्यात कैयाचा चटका बसला, तोच हा बोटावरचा चट्टा. मी कैया भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला.

बाबा दुकानातून उठून आत आले. "काहून फेकलं?" ते म्हणाले. "अवजार कोनी फेकते का? का बिघडवलं त्यानं तुहं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. कानाशी जाऊन नाही, मी उभ्या जागेवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. "बातम्या-बितम्या काही नाई! तुमचा लेक उद्या मुंबईहून सारंगी वाजवून राहिला! तुम्हाले ऐकवाले करून राहिलो हे! कधी ऐकली का तुम्ही त्याची सारंगी? एकदा तरी?"

माय जागच्या जागी उभी राहिली. शेजारचे ठोके थांबले. मी बोलत होतो तोवर बाबांची नजर माझ्या ओठांवर होती, मग ती भिंतीच्या पोपड्याकडे गेली. खाली वाकून कैया उचलला, त्याचं टोक कानशीनं घासून साफ केलं, जागेवर ठेवला आणि दुकानात गेले. मला स्वतःची लाज वाटली. आता तार जोडली तरी हेडफोन कोणाच्या डोक्याला लावायचा, हेच कळेना.

गुरुवारी सकाळी मी भट्टी पेटवलीच नव्हती. बाबा आले आणि माझ्यापुढे उकिडवे बसले. त्यांच्या हातात एक फडकं होतं. बारीक नक्षीच्या हातोड्या ते ज्या पेटीत ठेवत, ज्या पेटीला आम्ही कधी हात लावत नसू, त्यातलं ते फडकं. उलगडलं तर आत राळेचा एक खडा. धुपाची नाही, मधाच्या रंगाची, आरपार उजेड जाणारी. मधोमध एक घळ पडलेली. गजाच्या केसांना राळ चोळतात, तसा सारंगीचा गज दोन वर्षं तिच्यावरून ओढून ओढून पडलेली घळ.

सहा वर्षं ती त्या पेटीत होती. बोहारणीकडे गेली नव्हती, उकिरड्यावर गेली नव्हती. मला बाबांचा इतका राग आला आणि इतकी मायाही आली की काय करावं सुचेना. बाबांनी लहान हातोडी घेतली, घळीपासून लांबचा एक कोपरा बघून हलकेच टोला दिला. खडीसाखरेसारखा तुकडा निघाला. उरलेला खडा त्यांनी पुन्हा फडक्यात बांधला.

"पेटव भट्टी," ते म्हणाले. "अन् आज हात हलवाचा नाई."

मी नवसागरानं खाल्लेली टोकं कापून फेकली. तार चार-पाच हातांनी आखूड झाली, पण पुरत होती. बाबांनी तार दोन्ही हातांनी धरली. त्यांची बोटं जाड, काळी, पण सांध्याला धरून बसली की दगड. मी राळ लावली, कैया टेकवला. पांढरा धूर आला, चिमूटभर, देवदारासारख्या वासाचा. कथील तारेत शिरलं आणि गोठलं. बाबांनी दहा मोजेपर्यंत सोडलं नाही, मलाही सोडू दिलं नाही. दुसरा डाग, तिसरा. दुपारच्या जेवणापर्यंत आठ, चारपर्यंत सोळा. शेवटचा हेडफोनच्या त्या केसाएवढ्या पट्टीचा, तोही पहिल्या फटक्यात बसला. त्या सबंध दिवसात आम्ही भावाबद्दल एक शब्द बोललो नाही. सहाला तार बांबूंवर चढली. पलीकडून वकिलांनी रेडिओ लावला आणि माझ्या कानात माणसाचा आवाज आला, स्वच्छ, फुटाण्यांशिवाय.

सात वाजता बाबा खिडकीपाशी सतरंजीवर बसले. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. मी स्वतः वकिलांकडे जाऊन रेडिओपाशी कान लावून बसणार होतो.

मी उंबरा ओलांडतो तोच गल्लीत लाकडांची बैलगाडी शिरली. लकडगंजातून बल्ल्या, म्हणजे लांब वासे, भरून आलेली, त्यातली एक बल्ली उभी राहिलेली. "थांब! थांब!" मी ओरडेपर्यंत बल्ली तारेत अडकली, बांबू कलला, आणि आमच्या खिडकीच्या बाहेरच तार तटकन तुटली. दोन्ही पदर. "दिसलं नाई गा भाऊ!" गाडीवाला म्हणाला आणि बैल हाकत निघून गेला.

सातवर दहा मिनिटं झाली होती. भट्टी विझलेली. मी खिडकीखालच्या दगडी उखळावर चढलो आणि तुटकी टोकं दातांनी सोलली. पीळ घातला तर ताणानं लगेच सुटे, बांबू सोडून ढील द्यायला वेळ नाही. मग एका पदराची दोन टोकं मी उजव्या चिमटीत धरली, दुसऱ्याची डाव्या चिमटीत, आणि सगळा जोर लावून एकमेकांवर ओढून दाबली. खिडकीतून आत बघितलं. बाबांनी मान वर केली. त्यांना ऐकू यायला लागलं होतं.

आणि मी तसाच उभा राहिलो. वकिलांचा भोंगा बंद होता. गल्लीत गाय रवंथ करत होती, कुठंतरी पाण्याची घागर भरत होती, एवढेच आवाज. माझ्या बोटांतून भावाची सारंगी जात होती आणि मला तिचा एक सूर ऐकू येत नव्हता. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, बोटावरचा ताजा फोड फुटला. जन्मात कधी दोन मिनिटं एका जागी न बसलेला मी, पंधरा मिनिटं हात हलवला नाही.

बाबांनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोनची डाव्या कानावरची वाटी काढली, नाहीतरी तो कान गेलेलाच होता, आणि हातानं माझ्या मायला जवळ ओढून तिच्या कानाला लावली. दोघं डोक्याला डोकं लावून बसली. मायच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबांच्या नाही. पण त्यांचं उजवं कोपर हलायला लागलं होतं. हळू, मागं, पुढं, मागं. दाराच्या फटीतून बघितलेल्या भावाच्या कोपरासारखंच. या वेळी त्याच्याबरोबर सूर होता.

"संपलं रे! सोड आता!" पलीकडून वकील म्हणाले. माझी बोटं लगेच उघडेनात. मी आत गेलो तेव्हा बाबांनी हेडफोन मांडीवर घेतला होता आणि त्याची दोरी नीट गुंडाळत होते. फडक्यात बांधलेली राळ शेजारी होती.

"कार्ड आन," ते मला म्हणाले. "त्याले लिव्हाचं हाय."

मी दौत-टाक घेऊन त्यांच्या उजव्या कानाशी बसलो. "काय लिहू?"

बाबांनी राळेचं फडकं हातात घेतलं. "लिव्ह," ते म्हणाले, "बहिऱ्याले सारंगी कळली म्हणा."

माय माझ्याकडे बघत राहिली. मी टाक दौतीत बुडवला, आणि पहिलं अक्षर काढायला मला बराच वेळ लागला.